दोन आखूड रेघा

सोमवार, ३ मार्च

परत तेच! रक्त तपासणीच्या लॅबमधून फोन. आमचं सॉफ्टवेअर वापरतात ते. "मॅन्युअलमधली कमांड जशीच्या तशी उचलून टाकली, तर कॉम्प्युटर म्हणतो, ओळखतच नाही." पान उघडून पाहिलं. कमांडमध्ये शब्दाच्या आधी दोन आखूड रेघा हव्यात. तिथे एकच लांब रेघ! दिसायला देखणी, कामाला शून्य. कॉम्प्युटरला देखणेपणा कळत नाही, त्याला दोन म्हणजे दोनच लागतात.

मी दोनच घातल्या होत्या. डोळ्यांत तेल घालून तपासलंय ते पान.

मॅडमनी आत बोलावलं. आवाज न चढवता म्हणाल्या, "पुन्हा तक्रार आली तर मॅन्युअलचं काम बाहेर द्यायचा विचार करावा लागेल." मॅन्युअल बाहेर म्हणजे मीही बाहेर. मला तिथे दुसरं काम आहे कुठे? आणि काचेचा दरवाजा उघडाच. सगळ्यांनी ऐकलं.

बुधवार, ५ मार्च

पान मी लिहिते, मी तपासते, मी पाठवते. त्यानंतर ते साइटवर जातं, आणि साइट कोण बघतो? गुळगुळीत. त्याचं खरं नाव वेगळं, पण बोलणं असं तुपात घोळलेलं की मी मनातल्या मनात हेच म्हणते. गेला आठवडाभर ताप म्हणून घरी होता. ताप म्हणे! परत आला तो जास्तच गोड होऊन. "ताई, तुमच्या पानांबद्दल एक सांगू का?" म्हटलं, "तुम्ही तुमचं काम बघा." रंग आणि फॉन्ट सांभाळायचे सोडून माझ्या पानांत नाक कशाला खुपसायचं?

कुठेतरी पाणी मुरतंय.

गुरुवार, ६ मार्च

आज घरून. मंगळवार-गुरुवार घरूनच असते— चिऊला शाळेतून आणायला दुसरं कोणी नाही. सकाळी लिहायचं, तपासायचं, तिला घेऊन आलं की बटण दाबून पाठवून द्यायचं.

बाबा आमच्याकडे राहायला आल्यापासून जेवणाचं टेबल हे माझं ऑफिसही आणि त्यांची वाचनाची जागाही. जन्मभर छापखान्यात प्रुफं तपासली, आता पेपरातल्या चुका काढतात आणि संपादकाचा उद्धार करतात. आज माझं फोनवरचं रडगाणं ऐकलं असावं. "चुका तुझ्या नावावर लागतात का गं?" म्हटलं, हो ना. आणखी एक राहिली की संपलंच माझं. त्यांनी नुसती मान हलवली. उगाच सांगितलं. म्हाताऱ्या माणसाच्या जिवाला घोर.

मंगळवार, ११ मार्च

आणखी एक तक्रार. फेब्रुवारीतलंच पान, तीच लांब रेघ. शिवाय सरळ अवतरणचिन्हांच्या जागी छान वळणदार चिन्हं. हे आपोआप होत नाही. कुणीतरी हाताने करतंय. मॅडमचा मेसेज— "शुक्रवारी बोलू." जेवण गेलं नाही.

शुक्रवार, १४ मार्च

सापडला!

मुद्दाम लवकर गेले. ऑफिसात चिटपाखरू नाही, फक्त गुळगुळीत. समोर माझं पान उघडलेलं! मला पाहिलं आणि स्क्रीन बंद. "काही नाही ताई, असंच बघत होतो." चोराच्या मनात चांदणं.

मग मी एकेक पान काढलं. शेवटचा हात कुणी लावला ते दिसतं, काय बदललं ते दिसत नाही. मंगळवारी आणि गुरुवारी पाठवलेल्या पानांवर त्याचंच नाव! म्हणजे मी घरी असले की याला रान मोकळं. माझी जागा हवी असणार त्याला, दुसरं काय? मॅडमचं बोलणं सोमवारवर ढकललं. म्हटलं, पुरावा घेऊन येते.

सोमवार, १७ मार्च

मॅडमना सगळं दाखवलं. त्यांनी त्याला माझ्यासमोरच विचारलं. "हो, पानं मी उघडत होतो." का? ताकास तूर लागू दिली नाही. एकदा माझ्याकडे बघितलं आणि मान खाली घातली. कंत्राटावरचा माणूस, उद्यापासून येऊ नका म्हटलं की विषय संपला. डबा, छत्री आणि चार्जर घेऊन गेला.

वाईट वाटलं का? थोडं. पण मी काय हातावर हात ठेवून बसायला हवं होतं?

बुधवार, १९ मार्च

शांत झोप लागली. किती दिवसांनी.

सोमवार, २४ मार्च

आज सकाळपासून तक्रारींचा नुसता पाऊस. गेल्या मंगळवार-गुरुवारची सगळी पानं बिघडलेली! एकही कमांड धड नाही. जाताना काहीतरी पेरून गेला मेला. इंजिनियरला म्हटलं, शोध. त्याने दिवसभर धुंडाळलं. "काहीच नाहीये यात. त्याचा पासवर्ड तर त्याच दिवशी बंद केला."

मग?

बुधवार, २६ मार्च

लॅबवाला संतापलाय. बॅकअपची कमांड चालली नाही, एका दिवसाचे रिपोर्ट गेले. माणसांना परत बोलावून परत सुया टोचाव्या लागणार. मॅडम म्हणाल्या, "तो तर गेला. आता कुणाचं नाव सांगणार आहेस?" आता मला सगळ्यांचाच संशय येतो. इंजिनियरचा, मॅडमचा, चहा आणणाऱ्या बाईंचासुद्धा.

गुरुवार, २७ मार्च

दुपारी चिऊला आणायला निघाले. कोपऱ्यावर लक्षात आलं, फोन घरीच. परत आले तर माझ्या लॅपटॉपसमोर बाबा. चष्मा नाकावर, ओठ हलताहेत, एका बोटाने टकटक.

जराही दचकले नाहीत. उलट खूश! "अगं, किती ठिकाणी दोन-दोन आखूड रेघा सोडतेस तू. टाइपरायटरवर लांब रेघ नसायची, म्हणून टायपिस्ट लोक दोनदा बटण दाबायचे. आम्ही छापताना त्याची एक लांब रेघ करायची, हा साधा नियम आहे." अवतरणचिन्हंही त्यांनीच वळवली. "उभ्या काड्या कशा दिसतात!" लांब रेघ कुठून आणलीत म्हटलं, तर एका बातमीतून उचलून चिकटवतात. कॉपी-पेस्ट त्यांना मीच शिकवलंय.

कधीपासून? इथे आल्यापासून. मी दारातून बाहेर पडले की. आणि "चुका माझ्या नावावर लागतात" म्हटल्यापासून तर एक रेघ सोडली नाही त्यांनी. "तुला कुणी बोल लावू नये म्हणून दोनदा बघतो हल्ली."

काखेत कळसा आणि मी गाव जाळून बसले! ओरडणार होते. त्यांच्या तोंडाकडे पाहिलं आणि नाही जमलं. म्हटलं, "बाबा, कॉम्प्युटरला अशुद्धच लागतं. आता राहू दे." त्यांना पटलं नाही. पण लॅपटॉप मिटला.

त्या माणसाला मी घालवलं. काही केलं नव्हतं त्याने.

शुक्रवार, २८ मार्च

गुळगुळीतला फोन केला. माफी मागायच्या आतच त्याने विचारलं, "ताई, त्या लांब रेघांचं मूळ सापडलं का? रोज सकाळी लवकर येऊन मी त्या परत दोन करायचो. तापाच्या आठवड्यात राहिल्या, तेवढ्याच बोंबलल्या." मॅडमना का नाही सांगितलं? "सांगून काय, तुमची नोकरी गेली असती. राग आला होता, नाही असं नाही. पण तुमच्याकडे वडील आहेत, लहान मुलगी आहे. म्हटलं, आपल्याला मिळेल दुसरं."

मिळालं का, विचारलं. "बघतोय."

सोमवारी मॅडमना सगळं सांगणार आहे. मॅन्युअल बाहेर गेलं तर जाऊ दे.