एकशे चौसष्ट गाठी

५ नोव्हेंबर, सकाळी ६
निश्चय. रोज दोन तास आरएनएचा अभ्यास. बत्तीस वर्षं शाळेत जीवशास्त्र शिकवलंय, मला काय अवघड? नातीच्या, प्राप्तीच्या आजाराचं मूळ तिथेच आहे. पेशीत जनुकातल्या निरोपाची आरएनएमध्ये नक्कल निघते, त्यातले नको ते तुकडे कापून हवे ते जोडले जातात. हिचा सातवा तुकडा जोडताना गळतो, म्हणून अंगातलं बळ जातं. डॉक्टरांनी औषधासाठीच्या प्रतीक्षायादीत तिचं नाव घातलंय. याद्यांवर माझा विश्वास नाही.
माणगावहून वीस मीटर दोरी आणली. प्राप्तीला दारातल्या सुरूच्या झाडाला झोपाळा हवाय, बीचवर पाहुण्यांच्या पोरांना असतो तसा. रविवारी बांधणार.

११ नोव्हेंबर
रविवार हुकला. पण काय कल्पना सुचली! कुठे कापायचं ते ओळखणारा यू-वन नावाचा आरएनए असतो. एकशे चौसष्ट अक्षरं, स्वतःवरच दुमडून चार वळसे. दोरीत तसाच बनवायचा, एका अक्षराला एक गाठ. मग चूक कुठे होते ते दिसेलच. झोपाळा नंतर. दोरी काय पळून जातेय?

२० नोव्हेंबर
गाठी ४१. चष्मा सापडत नव्हता, त्यात लाइट गेली.
पुण्याच्या एका प्रोफेसरांना ईमेल केला. मिनिटभरात उत्तर: ते रजेवर आहेत. इतकं तातडीने उत्तर, म्हणजे विषय भिडलाय.
शेजारची वेणूबाई जाळं शिवता शिवता म्हणाली, दोरी न्हाय कुठं जात मास्तर, पोर आज बसतेय. तिला सायन्स कुठून कळणार!

१४ डिसेंबर
गाठी १०२. लेकीने, शिवानीने पुन्हा झोपाळ्याचं विचारलं. प्राप्ती आता उशी लावल्याशिवाय कलंडते म्हणाली. मी तिला यू-वन नीट समजावून सांगितला. अर्ध्यातच उठून गेली. मुलगी हळवी आहे, आईवर गेलीय.

२ जानेवारी
१६४! पडवीत टांगला. एक वळसा पुस्तकातल्या चित्राशी जुळत नाही. छपाईची चूक असावी.
प्राप्तीला छातीत कफ झालाय. शिवानीने तिला अलिबागला अॅडमिट केलंय. आली की दाखवेन.

१९ जानेवारी
आज घरी आणलं. मान धरत नाही. यादीचं अजून काही कळलेलं नाही.
मी दोरी सोडायला बसलो. खाऱ्या हवेने गाठी आवळल्या होत्या, नखं दुखली. वेणूबाई आली, जाळ्याच्या सुईने एकेक सोडवत गेली. संध्याकाळी झोपाळा बांधला. मग लक्षात आलं, बसवायचं कुणाला? मला रडू आलं.
प्राप्ती चटईवरून म्हणाली, आबा, तू बस.
बसलो. तिला दिसावं म्हणून शिवानीने तिचं डोकं हातात धरलं.
आणखी उंच, प्राप्ती म्हणाली.
गेलो.