जड टेबलाला जाड तेल

४ मार्च, सोमवार
धाकट्या जावेने आज आमच्या कारखान्यात पाय ठेवला. बेअरिंगची तज्ज्ञ म्हणे! मोठ्या लेथची चाचणी नीट झाली तर कायम करणार, नाहीतर घरी. सासूबाई हरखल्यात — ‘दोघी एकाच ठिकाणी, किती छान!’ छान कसलं डोंबल. हिला घरात गॅसचं बटण सापडत नाही.

५ मार्च
‘व्हिस्कॉसिटी’ म्हणते. दाटपणा म्हटलं तर जीभ झिजते का? मी आजपासून तिला विदुषी म्हणणार. मनात.

७ मार्च, गुरुवार
हद्द झाली. लेथचं टेबल म्हणजे खोलीएवढं लोखंड, त्यावर चढणारा माल वेगळाच. पंप खालून तेल दाबतो, आणि ते धूड तेलाच्या पातळ थरावर तरंगत फिरतं. थर गेला की लोखंडावर लोखंड. एवढं वजन पेलायला तेल कसं हवं? जाड! शेंबडं पोरही सांगेल. विदुषींनी पातळ मागवलं.

मी नाक मुरडलं तर शिकवायला लागली. ‘ताई, हळू फिरताना जाड तेल जास्त भार पेलतं, खरंय. फटीतून लवकर निसटत नाही ना. पण वेग वाढला की ते स्वतःच घुसळून तापतं. तापलं की पातळ होतं, मग थर टिकत नाही. त्यापेक्षा आधीच पातळ घ्यायचं आणि पंपाने जास्त तेल सोडायचं. थंड राहतं.’

मला सांगते! ही शाळेत नाक पुसत होती तेव्हापासून तेलाची कोठी माझ्या ताब्यात आहे.

१३ मार्च
सगळे जेवायला गेले तेव्हा तिचं पातळ तेल टाकीतून काढलं, जाड भरलं. टेबल वाचवायचं तर कुणा शहाण्याने हात घालायलाच हवा. चाचणी पार पडली की सांगेन — सगळ्यांसमोर. तिचं तोंड बघायचंय!

१५ मार्च, शुक्रवार, दुपार
काय उचललं टेबल! अलगद. दाबाचा काटा ताठ. साहेब खूश. विदुषी मात्र काट्याकडे बघून कपाळाला आठ्या घालत होती. एवढं कसं उचललं ते कळेना बिचारीला! मी गालात हसले. संध्याकाळी पूर्ण वेगाने फिरवणार.

संध्याकाळ
वेग वाढवला. थोडा वेळ ठीक. मग तिने तेलाच्या परतीच्या नळीला हात लावला आणि चटका बसल्यासारखा मागे घेतला. काटा उतरायला लागला. टेबलाखालून लोखंडावर लोखंड घासल्याचा आवाज आला. ‘बंद करा!’ ती ओरडली.

खालचा पृष्ठभाग ओरखडलाय. पुन्हा घासून बसवायला महिने जातील.

निवल्यावर तिने टाकीतलं तेल दोन बोटांत चोळून पाहिलं. मग माझ्याकडे पाहिलं. साहेब कडाडले, ‘हे तेल कुणी भरलं?’

‘मीच सांगितलं होतं जाड भरायला,’ ती म्हणाली.

१६ मार्च
कायम केलं नाही. सोमवारपासून येऊ नका म्हणाले.

खरं बोलायची हिंमत नाही तर भोग म्हणावं! मला घाबरली, दुसरं काय. घरात मोठी आहे मी. तरी जेवण गेलं नाही.

१७ मार्च, रविवार
शेवटी विचारलंच. ती कपबशा विसळत होती. ‘माझं नाव का नाही सांगितलंस?’

वळलीसुद्धा नाही. रागातही नव्हती. ‘सांगितलं असतं तर घरी येऊन तुम्हाला परत सगळं समजावत बसावं लागलं असतं, ताई. त्यापेक्षा दुसरी नोकरी शोधणं सोपं.’

मग माझ्या हातातली कपबशी घेतली आणि तीही विसळून ठेवली.