पाच चकत्यांचं फ्रीव्हील

अण्णा,

तुमच्या त्या वाकड्या हँडलच्या सायकलनं वर्षभर माझं डोकं खाल्लंय. तुम्ही गेल्यावर ती हदगावला काकांकडे गेली, आणि काकांनी ‘गिअरची कटकट कशाला’ म्हणून मागचं सगळं काढून भंगारात दिलं. चेन, गिअर बदलायचा तो खटका, चाकावरचं पाच दातेरी चकत्यांचं फ्रीव्हील, सगळं. त्या जागी दूधवाल्याच्या सायकलीचं एकच जाडजूड चक्र बसवलं. काका आता इतके थकलेत की त्यांच्यावर चिडताही येत नाही, मनातल्या मनात चिडावं लागतं. दिवाळीत मी सायकल नांदेडच्या घरी परत आणली आणि ठरवलं, होती तशीच करायची, त्याच काळातले भाग घालून. तुमची लेक लहानपणापासून हट्टी आहे हे तुम्हाला वेगळं सांगायला नको.

लातूरला मी कॉलेजात फिजिक्स शिकवते, रविवारी नांदेडला येते. पन्नाशी उलटलेली बाई सायकलच्या दुकानात शिरली की दुकानदार आधी तिच्या मागे बघतो, मिस्टर येताहेत का म्हणून. मग विचारतो, "नातवाला घ्यायचीय का ताई? लई भारी माल आलाय." मी फ्रीव्हील म्हणते, तो घंटी दाखवतो. आपल्या गल्लीजवळचे मिस्त्री, ज्यांच्या अब्बांकडून तुम्ही पंक्चर काढून घ्यायचात, ते तर मला बघितलं की हात जोडतात. "ताई, तो जमाना गेला. सात गिअरचं बसवा, मख्खन चालतंय." सातचं मागच्या चाकाच्या दोन दांड्यांच्या मधे मावतच नाही. मुंबईहून मागवलं, त्याचे आटे जुळले नाहीत. एका गृहस्थानं फोनवर ‘अगदी तुमच्याच काळातलं’ म्हणून शपथ घेतली आणि पाठवलं ते गंजून घट्ट बसलेलं. घासलेटात आठवडाभर भिजवलं तरी फिरेना. मिस्त्री म्हणाले, "शोपीस हाय हे, टीव्हीवर ठिवा."

खरं कारण मी कुणालाच सांगितलं नव्हतं. काय सांगणार, मला सुटा भाग नको, आवाज पाहिजे म्हणून? विष्णुपुरीच्या इंजिनिअरिंग कॉलेजातल्या वर्कशॉपमध्ये पोरांना शिकवून तुम्ही संध्याकाळी परतायचात तेव्हा गल्लीच्या कोपऱ्यापासून फ्रीव्हीलची ती टिकटिक सुरू व्हायची, सावकाश, थेट दारापर्यंत. आवाज आला की मी आणि भाऊ पत्ते गादीखाली सारून पुस्तकं उघडायचो. तुम्ही दारात चपला काढत वेळ घालवून आत यायचात, तर आम्ही दोघं मान खाली घालून वाचत बसलेलो. आख्ख्या गल्लीत आमच्याइतकी अभ्यासू मुलं नव्हती. तुम्ही गेल्यापासून तो आवाज मी पुन्हा ऐकलेला नाही. मला तो ऐकायचा होता, बाकी काही नाही.

त्या आवाजावरूनच तर तुम्ही मला एकदा झापलं होतं. खंडेनवमीचा दिवस आहे. अंगणात पोत्यावर सायकल उलटी केलेली, सगळे सुटे भाग घासलेटाच्या डब्यात. संध्याकाळी त्यांना हळदकुंकू लागणार आहे. मी मदत म्हणून फ्रीव्हीलमध्ये बोटानं ग्रीस भरायला जाते आणि तुम्ही माझा हात धरता. "ग्रीस नको घालू त्यात. मुकं होतंय ते." मग सगळं पुसून पातळ तेलाचे थेंब सोडता. मला तेव्हा वाटलं, यंत्राचीच काहीतरी बाब असेल. हिरमुसून मी घरात निघून गेले.

शेवटी उदगीरच्या एका बंद पडलेल्या दुकानात जुनं फ्रीव्हील मिळालं. आटे जुळले, फिरलं, हातात धरून फिरवलं तर टिकटिकलंसुद्धा. मिस्त्रींनी बसवून दिलं. मी सायकलवर टांग टाकली, गल्लीत वळले, दारापर्यंत आले. टिक नाही की टाक नाही. तशीच मागे फिरले आणि मिस्त्रींशी भांडले. ते म्हणाले, "बरोबर हाय की. पॅडल मारताना कसं वाजंल? पाय थांबला अन् चाक फिरत ऱ्हायलं की वाजतंय ते." आता हे फिजिक्स शिकवणाऱ्या बाईला सांगायची गरज नव्हती. आपल्या गल्लीला चढ आहे, पॅडल मारल्याशिवाय दारापर्यंत पोचता येत नाही. पण मग तुमची कशी वाजायची?

घरी येऊन आईपुढे चिडचिड केली. ती शेंगा सोलत होती. वर न बघता म्हणाली, "ते कोपऱ्यावर उतरायचे की. ढकलत आणायचे."

"चढ म्हणून?"

"चढाला भीत व्हते व्हय? विष्णुपुरीहून वाऱ्यात हाणत यायचे." मग म्हणाली, "तुमी पत्ते ठिवून पुस्तकं धरावीत म्हणून. म्हनायचे, दिसभर पोरांवर वरडायचं अन् घरी येऊन बी वरडायचं, मला जमत न्हाई."

अण्णा, मला तुमचा रागच आला. इतकी वर्षं मी तुम्हाला फसवत होते, असं समजून खूश होते. आणि मग त्या शेंगांच्या टरफलांपुढे बसून मी रडले. आई म्हणाली, "आता काय झालं?"

पुढच्या रविवारी मी कोपऱ्यावर उतरले आणि सायकल ढकलत आणली. टिकटिक सुरू झाली, सावकाश, थेट दारापर्यंत. आतून सिरियलचा आवाज येत होता, तो एकदम बंद झाला. दारातून डोकावले तर आई हातात जपमाळ घेऊन डोळे मिटून बसलेली, रिमोटचं टोक पदराखालून बाहेर आलेलं. तुमच्यासारखीच चपला काढत उगीच वेळ काढला.

हे पत्र कुठं टाकायचं नाही, म्हणून इथं सांगून टाकते. उदगीरचं ते फ्रीव्हील सहा चकत्यांचं आहे. पाचचं मिळालंच नाही. विचारणाऱ्यांना मी बिनदिक्कत ओरिजनल म्हणून सांगते, तुम्ही मात्र बघताक्षणी ओळखलं असतं. आता शोधत बसणार नाही. मिस्त्रींना ग्रीस मात्र भरू दिलेलं नाही.