कंट्रोलमध्ये पाणी

४ फेब्रु., मंगळ.
पीएच.डी.चा थीसिस देण्याआधीचा, प्री-सबमिशनचा सेमिनार झाला. तंबाखूच्या पेशी, त्या बाहेरच्या पाण्यात सोडतात ते एन्झाइम, अन् माहं औषध टाकलं की ते सोडणं बंद. तीन वर्षं वीस मिनिटांत संपली. गाइड सर खुश. मंग रायपूरहून आलेल्या मॅडमनं हळूच विचारलं, औषध मेथेनॉलमध्ये विरघळवता ना, म्हणजे कंट्रोलमध्येही तेवढंच मेथेनॉल टाकलं असेल? मी म्हटलं, "हो मॅडम."
कावून म्हटलं? कंट्रोलमध्ये, म्हणजे बिनऔषधाच्या फ्लास्कात, आम्ही पाणी टाकतो.

५ फेब्रु.
मीराताईची वही काढली. लॅबमध्ये सगळे तिच्याच वहीवर चालतात, मले तर तिनं हात धरून शिकवलं. औषध येतं चिमूटभर, बाटलीच्या बुडाले चिकटलेलं. खरवडून तोलता येत नाही, म्हणून बाटलीतच मेथेनॉल ओतायचं, भरपूर. ते पातळ होते, मंग एकेका फ्लास्कात अर्धा मिली टाका लागते. अन् कंट्रोलमध्ये अर्धा मिली डिस्टिल्ड पाणी. म्हणजे दोन्हीकडं माप सारखं! सुबक अक्षरात लिहून आहे. याच कामावर तिची पीएच.डी., अन् पीएच.डी.वर दुर्गच्या कॉलेजची नोकरी. तीन वर्षांत मी एकदा विचारलं नाही की पाणी कावून. बावळट पोट्टी.

८ फेब्रु.
कोणाले न सांगता तीन फ्ला. लावले. एकात पाणी, एकात औषध, एकात नुसतं मेथेनॉल.
घरी बाबा पेढे कुठून आणायचे ते ठरवून राहिले. सिविक सेंटरच्या दुकानातले की पावर हाउसच्या बाजारातले. स्टील प्लांटमधून रिटायर झाल्यापासून माणसाले एकच काम, माह्या डिग्रीची वाट पाहणं. मी उगाच वसकली. ते पेपर घेऊन बसले. लय वाईट वाटलं.

९ फेब्रु.
फ्लास्कांतलं पाणी गाळून एन्झाइम पाहिलं. जितकं एन्झाइम तितका केशरी रंग. पाण्याची नळी मस्त केशरी. औषधाची फिकी. नुसत्या मेथेनॉलची बी फिकी. औषधाच्या बाजूला धरली तर कोणती कोणाची ते ओळखू येईना.
मायक्रोस्कोपमध्ये मेथेनॉलवाल्या पेशी जिवंत, एकदम ठणठणीत. मेल्या असत्या तर एवढ्या वर्षांत कोणी तरी पकडलं असतं.

१३ फेब्रु.
तिसऱ्या वेळी बी तेच. औषध काही करते की नाही तेही आता सांगता येत नाही. हात दाखवून अवलक्षण.
सरांना सांगितलं. मॅडमसमोर खोटं बोलली तेही. सर चष्मा पुसत ऐकत होते. रागावले नाहीत. रागावले असते तर बरं होतं. म्हणाले, नवीन काही काढायचं नाही, थीसिसमध्ये फक्त एक ओळ वाढव, कंट्रोलमध्ये तेवढंच मेथेनॉल होतं अशी. म्हणजे बोललेलं अन् लिहिलेलं जुळेल. वरून, "बेटा, घर जाके आराम करो." एवढ्या मायेनं कधी बोलले नव्हते. मले भीती वाटून राहिली.

१४ फेब्रु.
ओळ टाइप केली. पुसली. परत केली.
मीराताईले सांगा लागेल. मी खरं लिहिलं तर तिची डिग्री बी उघडी पडते. आपलेच दात, आपलेच ओठ. छापून आलेले पेपर माहे, हातही माहे, पण शिकवलं तिनं. फोन लावला, "ये ना लॅबमध्ये, काम आहे" एवढंच बोलली.

१६ फेब्रु., रवि.
मीराताई आली. येताना घरून तिळाची चटणी आणली, मले आवडते म्हणून. लॅबमध्ये आम्ही दोघीच. मी तीन नळ्या तिच्यासमोर ठेवल्या, कोणत्यात काय ते सांगितलं नाही. तिनं दोन्ही फिक्या नळ्या उचलल्या, म्हणाली, यातली एक नुसत्या मेथेनॉलची. बरोबर. उजेडात धरल्या नाहीत, नीट पाहिल्याही नाहीत.
म्हटलं, ताई, तुले कसं समजलं?
ती स्टुलावर बसली. "मी बी लावला होता हा फ्लास्क. सबमिशनच्या महिनाभर आधी."
"मंग?"
"सर म्हणाले, पान फाडून टाक. फाडलं."
मले शिकवताना तिनं आपल्या हातानं कं. मध्ये पाणी टाकलं होतं, तेव्हा तिले माहीत होतं. तीन वर्षं. दर राखीले माह्या घरी जेवून गेली ही बाई. मी तेच विचारलं, कावून? ती रडली नाही. म्हणाली की मेथेनॉल टाक म्हटलं असतं तर तू विचारलं असतं, आधी कावून नाही टाकलं.
जाताना सांगून गेली, तुले जे लिहायचं ते लिही, मी अडवत नाही. पण आवाजावरून असं वाटलं की मी लिहिणार नाही हे तिले पक्कं माहीत आहे. त्याचाच जास्त राग आला.

१७ फेब्रु.
सबमिशन उद्या अकराले. थीसिसच्या दोन प्रती प्रिंट केल्या, एकीत सरांची ती ओळ आहे, दुसरीत खरं, म्हणजे पाणी आहे. सरांची सही दोन्हीवर झाली, त्यांनी शेवटचं पान सोडून काही पाहिलं नाही.
दुपारी लॅबमध्ये नवीन पोरगी आली, एम.एस्सी.ची. सरांनी मलेच सांगितलं, हिले प्रोटोकॉल समजावून दे. मी मीराताईची वही उघडली. तिनं पेन काढलं अन् माह्या तोंडाकडं पाहत राहिली.
म्हटलं, उद्या ये, अकराच्या नंतर.