बुटका खांब

बामाको

बाबांना आतिमेचा नमस्कार. तुम्ही बरे ना? आई बरी? कांद्याचे वाफे बरे? मी बरा आहे, पोटभर जेवतो.

इथे एका व्यापाऱ्याने नव्या बंगल्यात आपल्याकडचा जुना कोरीव खांब शोभेला उभा केलाय. त्याला तेल लावायचं काम मिळालंय. कुठल्याशा ओस पडलेल्या गावातल्या म्हाताऱ्यांच्या बैठकीच्या मांडवाचा आहे. मालकांनी विचारलं, "एवढा बुटका का रे हा?"

म्हटलं, "मांडवच ठेंगणा असतो. कुणी रागानं उठला की टाळकं आपटतं."

ते हसले. "माझं छत बघ, उंट उभा राहील!"

परवा दुपारी बायकोशी बोलताना त्यांचा आवाज चढला. हात उगारून ते ताडकन उठले, आणि काहीतरी खाडकन आपटल्यासारखे खाली बसले. डोक्यातून रक्त! वर तर काहीच नव्हतं, बाबा. जखम मीच पुसली. केसांत बाजरीच्या ताटांचा भुसा होता, आपण मांडवावर रचतो त्या ताटांचा, जुना, काळा पडलेला.

मालक बसूनच, हळू आवाजात म्हणाले, "खांब बाहेर काढ."

"राहू दे," बाईसाहेब म्हणाल्या आणि सावकाश उभ्या राहिल्या, अगदी ताठ. त्यांना काहीच लागलं नाही.

खांब तिथेच आहे. काळजी करू नका. मी बसूनच तेल लावतो, आणि मनातसुद्धा कुणावर चिडत नाही. आईला यातलं काही सांगू नका.

तुमचा,
आतिमे