बाटलीतली पिल्लं

३ फेब्रुवारी

चि. भिंगरीस,
अनेक आशीर्वाद.

फोनवर तू नुसतं बरं आहे म्हणतोस आणि वहिनीच्या हातात फोन देऊन मोकळा होतोस, म्हणून आपली जुनी पत्रांची सवय पुन्हा काढली आहे. इतकी वर्षं विजेच्या खांबांवर चढलास आणि पडलास तो घरातला दिवा बदलताना स्टुलावरून. ऑफिसातले लोक हसत असतील, हसू दे.

ऑपरेशन चांगलं झालं असं डॉक्टर म्हणाले. तुटलेल्या लिगामेंटच्या जागी मांडीतून काढलेली दोरी बसवली आहे, ती हाडात रुजायला वेळ लागणारच. तिला मदत व्हावी म्हणून तुझ्या कमरेच्या हाडातून जो मगज काढला, त्यातल्या पेशी आता आमच्या प्रयोगशाळेत वाढताहेत. पुरेशा झाल्या की तुझ्या गुडघ्यात सोडतील. उपयोग होईलच असं कुणी छातीठोकपणे सांगत नाही, अभ्यास अजून चालू आहे. खरं काम व्यायामाचंच. तरी तू त्या सुईला घाबरत होतास आणि मीच हट्टाने तुझ्या मागे लागले, तेव्हा ते नीट पार पडावं असं फार वाटतं.

नात्यातल्या माणसाचा नमुना हाताळायचा नाही असा आमच्याकडे नियम आहे. म्हणून तुझी बाटली माझ्या शेजारच्या चष्मेवालीच्या टेबलावर असते. मुलगी हाताची फार नेटकी आहे. मी जाता-येता डोकावते इतकंच. पेशी गुलाबी पाण्यात, म्हणजे त्यांच्या खाण्यातच, तळाशी चिकटून आहेत, लांबट, सडसडीत. तुझ्यासारख्या मुळीच नाहीत, एका जागी गप्प बसतात.

व्यायाम चुकवू नकोस. वहिनीला विचारलं म्हणून सांग.

तुझी ताई

११ फेब्रुवारी

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

पत्र पोचलं. बायकोने ते आधी वाचलं आणि गप्प बसणाऱ्या पेशी घरी आणता येतील का असं विचारलं.

व्यायाम शिकवणाऱ्या बाई रोज येतात आणि गोड बोलून माझा जीव काढतात. टाच सरकवत गुडघा वाकवायचा. काल डोळ्यांत पाणी आलं, तर म्हणाल्या, छान, असंच करत राहा. वरिष्ठ भेटायला आले होते. खांबावर चढता आलं नाही तर तक्रारी लिहून घेण्याच्या खिडकीत बसवू म्हणाले. चांगल्या मनाने म्हणाले. खिडकीत बसून मी दिवसभर काय करू? मला वर जायचंय ताई. वर गेलं की खालची सगळी कटकट लहान होते.

तुझ्या त्या पिल्लांवर माझी फार भिस्त आहे. त्यांना उपाशी ठेवू नकोस. माझी आहेत म्हणजे खादाड असणार. हळू वाढताहेत असं वाटलं तर जरा जास्त वाढ.

तुझी माया आहेच, तिच्यात काटकसर करू नकोस.

तुझा भिंगरी

२४ फेब्रुवारी

चि. भिंगरीस,
आशीर्वाद.

तुला हॉस्पिटलातून फोन आलाच असेल. पेशी हव्या तशा वाढल्या नाहीत, बाटली टाकून द्यावी लागली. असं कधी कधी होतं. मनाला लावून घेऊ नकोस. इच्छा असेल तर पुन्हा मगज काढता येईल असं डॉक्टर म्हणताहेत. घाई नाही.

इकडे काम फार आहे, म्हणून आज एवढंच.

ताई

२ मार्च

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

कसं लिहू कळत नाही. बाटलीचं जे झालं ते माझ्यामुळे झालं. ऑपरेशनच्या आधी डॉक्टरांनी बजावलं होतं की सिगारेट सोड, तिने हाडं आणि पेशी दोन्ही दुबळी होतात. मी मान डोलावली आणि गच्चीवर जाऊन ओढत राहिलो. मगज काढायच्या आदल्या संध्याकाळीसुद्धा ओढली. तू रोज माझ्यासाठी डोकावत होतीस आणि मी तुला सडका माल दिला होता.

बायकोला सांगितलं. तिने भांडी आपटली नाहीत, रडली नाही, नुसती उठून आत गेली. त्यापेक्षा आपटली असती तर बरं होतं.

आता पुन्हा सुई नको. ज्याची पेशीच धड नाही त्याने कशाला उगाच कुणाची मेहनत वाया घालवावी. तू रागावली असशील. तरी अगदीच अबोला धरू नकोस.

तुझा
भिंगरी

९ मार्च

ती. वन्संना,
सा. न. वि. वि.

यांना न सांगता लिहीत आहे. तुमचं उत्तर आलं नाही, म्हणून हे रोज दाराकडे बघतात. तुम्ही रागावलात असं त्यांनी धरूनच ठेवलं आहे.

मीही चुकले. सिगारेटचं कळल्यावर दोन दिवसांनी मी त्यांना म्हटलं की तुमचा गुडघा तुम्हीच खाल्लात. तेव्हापासून त्यांनी व्यायाम सोडलाय. त्या बाई येतात, हे भिंतीकडे तोंड करून पडून राहतात. गुडघा आखडत चाललाय. असंच चाललं तर दोरी कितीही चांगली बसवली असली तरी पाय वाकणार नाही, असं बाईंनी मला बाजूला घेऊन सांगितलं. बोललेले शब्द आता परत घेता येत नाहीत. तुमचं ते ऐकतात. रागावून का होईना, पण लिहा.

घरच्या थोरल्या म्हणून तुमच्याकडे हक्काने मागते आहे.

आपली
वहिनी

१३ मार्च

चि. भिंगरीस,

आशीर्वाद द्यायला हात उचलत नाही, तरी देते.

तुझ्या पेशी चांगल्या होत्या. त्या मी मारल्या.

त्यांना कधी आणि किती खाणं घालायचं ते ठरलेलं असतं, त्यापलीकडे बाटली उघडायची नसते. मला त्या हळू वाढताहेत असं वाटलं. तुझं पत्र खिशातच होतं. चष्मेवाली जेवायला गेली होती. मी तुझी बाटली काढली आणि घाईघाईत, हातमोजेही न बदलता, झाकण उघडून त्यांना ताजं पाणी घातलं. वर गाणं गुणगुणत होते. इतकी वर्षं नवीन मुलींना मी हेच शिकवते की उघड्या बाटलीवर श्वाससुद्धा जपून घ्यायचा. पुढच्या खेपेला डोकावले तेव्हा पाणी गढूळ पिवळं झालं होतं. जंतू शिरले होते.

तुझ्या सिगारेटचं पत्र आलं तेव्हा खरं सांगू का, मला सुटल्यासारखं वाटलं. तू आपणहून दोष घेतलास आणि मी तो घेऊ दिला. बाटलीपेक्षा याचीच मला जास्त लाज वाटते. तू तिकडे भिंतीकडे तोंड करून पडलास आणि मी इकडे चहा पीत होते.

जास्त वाढ असं तू थट्टेत लिहिलं होतंस, त्याचा दोष स्वतःकडे ओढू नकोस. तू छप्पन गोष्टी थट्टेत लिहितोस. आता ऊठ आणि पाय वाकव. माझ्यावर रागाव, पण पाय वाकव.

साहेबांनी चौकशी केली. चष्मेवालीला टेबलावरून काढून नमुने पोचवायच्या कामाला लावलं आहे. बाकी इकडे ठीक.

ताई

२० मार्च

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

तुझं पत्र बायकोने मोठ्याने वाचलं. मी इतका चिडलो की काठी न घेताच उठलो आणि ओट्यापर्यंत चालत गेलो. तिथे पोचल्यावर लक्षात आलं. बायको आधी घाबरली, मग हसली. आमचं बोलणं सुरू झालं आहे. व्यायामही सुरू केलाय, आणि त्या बाईंचा गोडवा मागचं सगळं वसूल करतोय.

राग आला तो बाटलीचा नाही. खाऊ घालणं हा तुझा जुना रोग आहे, तू माझा पोपटही असाच मारला होतास. राग आला तो तुझ्या चहाचा. पण आता तोही ओसरला. सिगारेट मी ओढली ती ओढलीच. ती आता सोडली आहे, तुझं पत्र आलं म्हणून पुन्हा हातात घेणार नाही.

पण तुझ्या पत्रातली शेवटची ओळ मी बायकोला पुन्हा वाचायला लावली. चष्मेवालीला कशासाठी काढलं? आणि मग बाकी ठीक कसं? माझ्या गुडघ्याची माफी माझ्या हातात आहे, ती दिली. तिची माफी माझ्याकडे नाही ताई.

पुन्हा सुई टोचून घ्यायला मी तयार आहे. साहेबांना सगळं सांगून झालं की कळव, मग येतो.

लहान असून शिकवतो आहे, तरी पाठीवरचा तुझा हात काढू नकोस.

तुझा
भिंगरी

१५ एप्रिल

चि. भिंगरीस,
अनेक आशीर्वाद.

त्या दिवशी तू येऊन मगज देऊन गेलास, पण वॉर्डात सगळ्यांसमोर नीट बोलता आलं नाही. साहेबांना सांगितल्याचं तुला एका ओळीत कळवलं होतं, बाकीचं आता लिहिते.

मी बोलत होते तोवर साहेब खिडकीबाहेर बघत होते. मग म्हणाले, तुमच्याकडून असं होईल असं वाटलं नव्हतं. तेवढंच. चष्मेवाली परत तिच्या टेबलावर आहे आणि तिचं पोचवायचं काम आता माझ्याकडे. नोकरी राहिली, हेच पुष्कळ. तिची माफी मागायला गेले तेव्हा तिने हातातलं काम थांबवलं नाही. अजून माझ्याशी बोलत नाही. बोलेल तेव्हा बोलेल, मला घाई करायचा हक्क नाही.

तुझ्या नमुन्याची पेटी न्यायची वेळ आली तेव्हा मी बाजूला झाले, दुसऱ्याने नेली. रोज काचेच्या दारापर्यंत जाते. आतलं तिचं टेबल दिसतं, पाठ दिसते, वाकलेली मान दिसते. मग पेटी खाली ठेवते आणि मागे फिरते.

म्हणून तुझी पिल्लं कशी आहेत ते मला विचारू नकोस. मला माहीत नाही. मी पाहिलेलं नाही.

गुडघा किती वाकतो ते मात्र तू कळव. तेवढं विचारायला अजून मला मोकळीक आहे.

तुझी
ताई