ओढ्याशी बारा

ता. ४ सप्टेंबर

ती. दादास,
सा. न. वि. वि.

तुझं कार्ड मिळालं. तुझं म्हणजे क्लबाचं. अक्षर तुझं, पत्ता माझा आणि नाव यांचं. वर ठळक अक्षरात 'येते शनिवार-रविवार', खाली चार डोंगर आणि निघायच्या वेळा. अरे, ज्या माणसाला जाऊन दहा महिने झाले त्याला कसलं बोलावणं धाडतोस? हल्ली पोस्टमनसुद्धा ते कार्ड देताना माझ्या तोंडाकडे बघत नाही. टेबलावर ठेवतो आणि सटकतो. तेवढं बंद कर बाबा.

दुकान दहाला उघडते. पट्टा बदलणं आणि सेल घालणं इतकंच मला जमतं. बाकी काही आलं की कारागीर नाही म्हणून परत पाठवते. भिंतीवरच्या नऊ घड्याळांना मी चावी देणं सोडून दिलंय. एकेक करत सगळी थांबली. परवा एका गिऱ्हाइकाने विचारलं, यातलं खरं कुठलं? मी म्हटलं, या दुकानात खरी वेळ कधीच नव्हती. स्वतःच्या लग्नाला पाऊण तास उशिरा येणारा घड्याळजी होता इथे. तो हसला. मलाही हसू आलं आणि मग दुपारभर डोकं दुखत राहिलं.

खरं सांगू? मी यांच्यावरच्या रागावर दिवस ढकलते आहे. सगळ्यांबरोबर ओढ्यापर्यंत नीट खाली आलेला माणूस त्या धुक्यात पुन्हा वर कशाला जातो? आणि मग राग माझ्यावरच उलटतो, कारण कशाला ते मला माहीत आहे. दोन थर्मास हरवून झाले होते. त्या सकाळी तिसरा हातात देताना मी म्हटलं होतं, हाही हरवलात तर घरी येऊ नका. माथ्यावर सापडले तेव्हा तो मांडीशी होता. त्यात अर्धा चहा तसाच होता. गारठून मरणारा माणूस चहा शिल्लक ठेवतो का रे? तिथेही यांचा वेंधळेपणाच.

तुझे गुडघे कसे आहेत? तेल लाव म्हटलं की लावत नाहीस, आणि मग जिना चढताना देवाचा धावा करतोस.

माया पातळ होऊ देऊ नकोस, एवढंच.

तुझी,
धाकटी


ता. ११ सप्टेंबर

चि. धाकटीस,
अनेक आशीर्वाद.

गुडघे हल्ली माझ्याशी बोलत नाहीत, कुरकुरतात. गोदामातल्या शिडीवर चढलो की खालची माणसं वर बघतात, कागदाचं रीळ घसरलं की मीच घसरलो, हे बघायला. तेल लावतो. खोटं नाही, दोनदा लावलं.

कार्डाचं चुकलं. दर महिन्याला यादी काढून पत्ते घालायला बसतो, त्याच्या नावाशी येतो आणि हात पुढे सरकत नाही. खोडायचं म्हटलं की रबर सापडत नाही, असं धर. पुढच्या महिन्यापासून पाठवणार नाही.

तसंही क्लबात आता काय उरलंय? चाळीसचे पाच झालो. लॉन्ड्रीवरची खोली अजून आहे, पण दोर खुंटीवर लोंबून कडक झालेत. फळ्यावर कागद लावतो, या शनिवारी टाकीचा डोंगर, पुढच्या रविवारी कड्यावर दोराचा सराव, शेवटच्या शनिवारी कुबड्या डोंगर. कागद आठवडाभर कोराच राहतो. लोक मला काही म्हणत नाहीत. फक्त येत नाहीत. वर्षअखेर खोलीची किल्ली देऊन टाकावी म्हणतो. बरं, कुबड्याच्या कागदावर मात्र एक नवं नाव पडलंय. लिफ्ट दुरुस्त करणारा माणूस आहे, कामासाठी बरेच महिने बाहेर होता म्हणे. एवढ्या वर्षांत पहिल्यांदा कुणीतरी आपण होऊन आलं.

थर्मासचं मनातून काढून टाक. तुझ्या बोलण्यावर तो कधी चालला होता? चालला असता तर लग्नाला वेळेवर आला नसता? चौकशीत मी सांगितलं तेच तुला परत सांगतो. ओढ्याशी मी नेहमीसारखा दगडावर उभा राहिलो, एकेकाच्या सॅकवर थाप मारत मोजलं, माझ्यासकट बारा. आयुष्यभर कागदाची रिमं मोजली आहेत मी, एक कमी-जास्त झालेली नाही. मोटाररस्त्याला आलो तेव्हा अकरा होतो. मधल्या अर्ध्या तासात तो मागे फिरला. का फिरला ते त्याचं त्याला ठाऊक. तू त्यात कुठेच नाहीस.

पत्र टाकत जा. रागावून टाकलंस तरी चालेल.

तुझा,
दादा


ता. २० सप्टेंबर

ती. दादास,
सा. न. वि. वि.

तुझ्या पत्राने बरं वाटलं, आणि नाहीही. तू कितीही सांग, थर्मास फडताळात समोर आहे आणि मी त्याच्याशी भांडते. धुऊन ठेवलाय. टाकवत नाही.

तुला वैताग येईल, पण पुन्हा एकदा सांग. ओढ्याशी तू यांच्या पाठीवर थाप मारलीस तेव्हा हे काय करत होते? तू मागे म्हणाला होतास, टोपी खाली ओढलेली होती, बोलले नाहीत, नुसती मान हलवली. कशी हलवली? दमल्यासारखी, की मजेत? सगळ्यात शेवटी यांना हात लावणारा माणूस तू आहेस. माझ्याजवळ यांचं शेवटचं असं काही नाही, ती मान हलवणंच आहे. दुकानात बसल्या बसल्या मी तेच आठवते. मी पाहिलेलंसुद्धा नाही, तरी आठवते.

तुला आठवतं, हे तुला चिडवायचे? मोजतोस काय गोणी मोजल्यासारखा, नावं घे की म्हणून. आणि तू म्हणायचास, हजेरी शाळेत घेतात, थंडीत बारा नावं पुकारत कोण बसेल. त्यावर हे म्हणायचे, बरं बाबा, निदान अर्धा चहा तरी घे. स्वतः अर्धाच प्यायचे आणि उरलेला तुझा. मला कधी घोटभर ठेवला नाही घरात!

कुबड्यावर जाताय म्हणतोस. जपून जा. मला तो डोंगर नकाशातून पुसून टाकावासा वाटतो. लिहायला विसरू नकोस, ती मान कशी हलवली ते.

आहे तोच लोभ राहू दे.

धाकटी


ता. २ ऑक्टोबर

चि. धाकटीस,
अनेक आशीर्वाद.

हे पत्र दुकान बंद करून वाच. चार दिवस लिहितो आहे आणि फाडतो आहे. न लिहिता राहता येईल का, याचाही विचार केला. राहता आलं असतं. कुणाला कळलं नसतं.

शनिवारी आम्ही पाच जण कुबड्यावर गेलो. पाचवा तो लिफ्टवाला. माणूस चांगला आहे, बडबड्या. स्वच्छ ऊन होतं. उतरताना ओढ्याशी मी दगडावर उभा राहिलो आणि सवयीने थाप मारत मोजू लागलो. लिफ्टवाल्याच्या पाठीवर हात पडला तसा तो हसला. म्हणाला, याच जागी तुम्ही मला आधीही एकदा थाप मारली आहे. मला वाटलं, चेष्टा करतोय.

चेष्टा नव्हती. गेल्या नोव्हेंबरात तो एकटाच दुसऱ्या वाटेने चढला होता आणि धुक्यात वाट चुकला. माथ्याखाली त्याला रेनकोट घातलेल्या माणसांची रांग दिसली. जीवात जीव आला आणि तो मधेच घुसला. कुणी काही विचारलं नाही. धुक्यात पुढच्याची सॅक सोडून दिसत काय होतं? ओढ्याशी कुणीतरी पाठीवर थाप मारली. आपण यांच्यातले नाही हे सांगायचा संकोच वाटला, म्हणून टोपीआडून नुसती मान हलवली. पुढे शेताच्या बांधाशी त्याची मोटारसायकल होती, तिकडे वळला. दुसऱ्याच दिवशी कामावर परगावी गेला. पुढे काय झालं त्याच्या कानावर नाही. तो क्लबात आला तो आम्हाला धन्यवाद द्यायला. तुमच्यामुळे मी जिवंत खाली आलो, असं म्हणाला. मी त्याला काही सांगितलं नाही. त्याची काय चूक?

धाकटे, ओढ्याशी बारा होते ते त्याला धरून. घड्याळजी ओढ्यापर्यंत आलाच नव्हता. तो कुठेही परत गेला नाही, थर्माससाठी नाही आणि कशासाठीही नाही. निघताना वर कुठे खडकाआड राहिला असेल, बूट बांधत असेल, उशीर हा त्याचा नेहमीचाच. माथ्यावर वाऱ्यात मोजायचं नाही, ओढ्याशी मोजायचं, ही रीतही माझीच. आणि दुसरी रीतही माझी, पहिल्या दिवशी प्रत्येकाला घोकून घेतो ती: रांग सुटली तर आहात तिथेच बसा, एक पाऊल हलू नका, मोजणारा परत येतो. तो बसला. वाट दाखवायला रचलेल्या दगडांच्या ढिगाशी पाठ टेकून बसला. आणि मी अंधार पडेपर्यंत सगळ्यांना घेऊन ओढ्याच्या खाली शोधत होतो, कारण माझी मोजणी बरोबर होती. वर जाऊया असं दोघं म्हणाले होते. मी त्यांच्यावर खेकसलो. दुसऱ्या दिवशी दुपारी वर गेलो.

मान कशी हलवली, हे तू विचारलंस. ती मान त्याची नव्हती. तुझ्याजवळ तेवढंच होतं, तेही मी काढून घेतो आहे. पण हे न सांगता तुला थर्मासशी भांडत ठेवणं मला झेपेना.

क्लबातल्या जुन्या चौघांना सांगितलं. एकेक करत उठून गेले. फळ्यावरचा कागद मी काढला. आता पुढचा शनिवार नाही.

तुझ्याकडे काही मागण्याचं तोंड मला नाही.

दादा


ता. १९ ऑक्टोबर

ती. दादास,

नमस्कार लिहायला बसले आणि हात वळेना, म्हणून तशीच सुरुवात करते.

तुझं पत्र आलं त्या दिवशी भर दुपारी दुकानाचं शटर ओढलं आणि स्टुलावर बसून वाचलं. आधी वाटलं, सुटले. माझ्या बोलण्याने हे वर गेले नव्हते. पाच मिनिटं इतकं हलकं वाटलं की लाज वाटली. मग आठवलं, या अकरा महिन्यांत मी या माणसाला काय काय बोलले आहे. वेंधळा म्हटलं, हट्टी म्हटलं, भिंतीवरचा फोटो उतरवून ठेवला. आणि हे बिचारे आयुष्यात पहिल्यांदाच, सांगितलेल्या जागी, सांगितलं तसे बसून होते.

मग फडताळातला थर्मास काढला. तो चहा, दादा. अर्धा का उरला होता ते मला कळलं. तुलाही कळलं असेल, फक्त तू लिहिलं नाहीस. तू परत येणार याची यांना इतकी खात्री होती की गारठून जाताना तुझा वाटा ठेवला. तो मी मोरीत ओतला. माझ्या हाताने ओतला.

तू सांगितलंस हे बरं केलंस असं लोक म्हणतील. मला अजून तसं वाटत नाही. तू लपवलं असतंस तर मी तुला कधीच माफ केलं नसतं, आणि सांगितलंस तरी माफ करता येत नाही. दोन्हीकडून अडकले आहे. राग धरायला निदान एक माणूस होता, तोही निर्दोष निघाला. आता तू उरलास, आणि माझ्या बाजूचं दुसरं कुणी राहिलेलं नाही.

एक काम कर. नोव्हेंबरच्या पहिल्या शनिवारी कुबड्या लाव. फळ्यावर कागद चिकटव आणि त्यावर माझं नाव लिही. कुणी आलं नाही तर आपण दोघं. मी सकाळच्या बसने येईन आणि संध्याकाळच्या बसने परत जाईन, तुझ्या घरी उतरणार नाही. उतरताना ओढ्याशी दगडावर उभा राहा, पण मोजू नकोस. नावं घे. माझं घे, तुझं घे, आणि सगळ्यात शेवटी यांचं घे. आणि मग थांब. कुणी ओ देणार नाही, ते मलाही ठाऊक आहे. तरी मी चल म्हणेपर्यंत जागचं हलायचं नाही.

लोभ असावा असं शेवटी लिहायची आपल्या घरात सवय आहे. या वेळी लिहीत नाही. थर्मास भरून आणते. अर्धा तुझा आहे, तो तुला माझ्यासमोर प्यावा लागेल.

धाकटी